तीन फुटांच्या आतले मामंजी

अकरा वर्षं मी त्या वॉटर पार्कच्या खिडकीत बसले. खिडकी म्हणजे खरीखुरी खिडकी, लोखंडी गजांची, खाली हात जाईल एवढी फट असलेली. माझ्यापुढे तिकिटांची पुस्तकं, जांभळ्या शाईचा पॅड आणि माशाचं चित्र असलेला रबरी शिक्का. पैसे घ्यायचे, तिकीट फाडायचं, फटीतून आत आलेल्या मनगटावर मासा उठवायचा. शनिवार-रविवारी पौडच्या रस्त्याने पुण्याच्या गाड्यांची रांग लागायची. शिक्का मारून घेताना बायका बांगड्या वर सरकवायच्या, पुरुष घड्याळ सांभाळायचे आणि लहान मुलं हटकून दुसराही हात पुढे करायची. मी दुसऱ्या हातावरही मारायचे. त्यात कुणाचं काय जात होतं?

हे मी चिडून लिहितेय, ते आधीच सांगून टाकते. शांत झाल्यावर लिहावं म्हणून थांबले होते, पण शांत काही होत नाही.

खिडकीच्या डाव्या अंगाला फळ्यांचं एक लहान दार होतं. त्याची कडी माझ्या बाजूला. स्टुलावरून न उठता हात लांब केला की निघायची. ते दार पाहुण्यांसाठी नव्हतं, देवाला जाणाऱ्यांसाठी होतं. आमची वस्ती पार्कच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कडेला आहे, आठ घरांची, सगळी धनगरांची. शेरडं-मेंढरं, पावसाळ्यात थोडा भात, बाकी ज्याला जिथे मिळेल तिथे काम. पार्क झाला तो आमच्या चराईच्या माळावर, आणि माळावरचा म्हसोबा पार्कच्या कुंपणात गेला. आता तो लाटांच्या तलावाच्या मागे उंबराखाली असतो, शेंदूर लावलेले तीन दगड. समोर रंगीत छत्र्या आणि दिवसभर गाणी.

शेळी व्याली की आमच्यात पाच दिवस तिचं दूध घरात कुणी तोंडाला लावत नाही. करडं पितील ते पितील. पाचव्या दिवशी पहिला तांब्या घरातला कर्ता पुरुष म्हसोबाला घालून येतो, मग त्या दुधाचा चहा होतो. पार्क बांधला तेव्हा जुने मालक उंबराखाली उभे राहून माझ्या सासऱ्यांना म्हणाले होते, "देव तुमचा, वाट तुमची, कुणी अडवणार नाही." कागदावर काही नव्हतं. पण फळ्यांचं दार त्यांनीच करून घेतलं आणि पुढे बारावी झालेली सून म्हणून मला खिडकीत बसवलं तेही त्यांनीच. वस्तीवरचं माणूस पानाने झाकलेला तांब्या घेऊन आलं की मी कडी काढायचे. आत जाणाऱ्याने कधी घसरगुंडीकडे बघितलंही नाही. दूध घालायचं, हात जोडायचे, परत यायचं.

जुने मालक थकले आणि कारभार मुलाकडे गेला. मुलाने पार्क नवा करायला घेतला. घसरगुंड्या गळत होत्या, बायकांच्या कपडे बदलायच्या खोल्यांना धड कड्या नव्हत्या. पण नवं काय केलं, तर तिकीट. गजांची खिडकी काढून काच आली. माझी पुस्तकं गठ्ठे बांधून गोदामात गेली. दारात तीन फिरती गेटं बसवली, मोबाइलवरचा चौकोन दाखवला की हिरवा दिवा लागून दांडा फिरणारी. शिक्क्याच्या जागी मनगटाला रबरी बँड आला, त्यात चिप. पाहुणा कुठे आहे, किती वेळ आहे, किती वेळा घसरला, सगळं पडद्यावर. आणि तिसऱ्या गेटाला जागा हवी म्हणून फळ्यांचं दार काढून तिथे भिंत घातली. मी एका सोमवारी सुट्टीवर होते, मंगळवारी येऊन बघते तर सिमेंट ओलं होतं.

आम्हाला शिकवायला कंपनीचा एक मुलगा आला होता, नागपूरकडचा, भुकूमला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा. माणूस चांगला होता, त्याचा मला राग नाही. चौदा जणांना समोर बसवून त्याने दोन दिवस बटणं दाखवली. मोठे, लहान, ज्येष्ठ नागरिक, ग्रुप, कंपनीची सहल. सगळं झाल्यावर मी विचारलं, "सर, देवाला जाणाऱ्यांचं बटण कुठलं?"

"म्हणजे?"

मी सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं, मग लॅपटॉपवर वर-खाली केलं. "ताई, हे रिक्वायरमेंटमध्ये नाही आहे ना. तुमच्या मॅनेजमेंटने लिहून दिलं नाही."

मॅनेजर साहेबांना मी तीनदा सांगितलं. पहिल्यांदा म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, बघू म्हटलं ना. तिसऱ्यांदा मोबाइलवर बोलत होते, त्यांनी हातानेच बघू केलं.

पावसाळा सुरू झाला आणि ओटीपी नावाचा ताप माझ्या डोक्याला लागला. धरणाकडून ढग उतरले की इथे रेंज जाते, हे वस्तीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कंपनीला ठाऊक नव्हतं. आमच्या पार्किंगमध्ये माणसं मोबाइल डोक्यावर धरून चिखलात फिरायची आणि मग काचेवर येऊन मला बोलायची, "मॅडम, मेसेज येत नाही, करा ना काहीतरी." टॉवर काय माझ्या पर्समध्ये आहे? एकदा एका कारखान्याची सहल आली. चाळीस जणांची तिकिटं एकाच्याच मोबाइलमध्ये, आणि तो माणूस मागे पंक्चर झालेल्या दुसऱ्या बसमध्ये. चाळीस जण दीड तास गेटाबाहेर भिजत उभे. पैसे भरलेले, माणसं समोर, पाणी आत, आणि मी काचेमागे हात बांधून. पूर्वी मी डोकी मोजली असती, चाळीस मासे उठवले असते आणि दहा मिनिटांत सगळे पाण्यात असते. पूर्वीही लोक माझ्याशी भांडायचे, पण ते भांडण माझ्या हातातल्या गोष्टीचं असायचं. आता माझ्या हातात काहीच नव्हतं आणि शिव्या मात्र तेवढ्याच होत्या. माझ्या काचेवर पाटी लावली होती, "पाहुणे मदत केंद्र". ती वाचून मला स्वतःचीच चीड यायची.

अशात आमची काळी शेळी व्याली. दोन करडं झाली. पाचवा दिवस नेमका रविवारी आला.

मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, मी आदल्या दिवशीच सांगितलं की दार बुजवलंय. ते म्हणाले, "दार बुजावलं आसंल. वाट कशी बुजंल?" मी म्हटलं, "मी तिकीट काढते तुमचं." तसे भडकले. "खुळी का काय तू? आज म्या तिकीट काडलं, तर उद्या समद्या वस्तीला काडावं लागंल. देव आपला हाय का तेंचा?" तसंही ज्येष्ठ नागरिकाच्या तिकिटावर दुधाचा तांब्या आत गेला नसता. बाहेरचं खाणं-पिणं आणू नये, हा तर पार्कचा सगळ्यात कडक नियम.

रविवारी दहाच्या सुमारास मामंजी आले. धुतलेलं धोतर, पागोटं, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पळसाच्या पानाने झाकलेला तांब्या. मधल्या गेटावरचा गार्ड बिहारचा, महिन्याभरापूर्वी आलेला. त्याने तांब्याकडे बोट केलं. "चाचा, ये अंदर नहीं जाएगा."

"देवाचं हाय," मामंजी म्हणाले.

"बाहर का ड्रिंक अलाउड नहीं है."

मागे रांग तुंबली. कुणीतरी ओरडलं, "ओ आजोबा, बाजूला व्हा ना." मामंजी बाजूला झाले नाहीत. भिंत घातली होती त्या जागेसमोर जाऊन उभे राहिले आणि काचेतून माझ्याकडे बघायला लागले. मी कडी काढीन म्हणून ते बघत होते. पंचाहत्तरीचं माणूस, ओळखीच्या जागी उभं, आणि मी हात लांब केला तर पुढे सिमेंट. माझं डोकंच फिरलं.

पडद्यावर शून्य रुपयांचं एकच बटण होतं. तीन फुटांच्या आतलं मूल. मी ते दाबलं. नाव टाकलं मामंजींचं, मोबाइल नंबर घरातला. वय विचारलं. पंचाहत्तर घेईना, तीन वर्षांच्या आतलं हवं म्हणे. मी दोन टाकलं. उंची विचारली. पंच्याऐंशी सेंटिमीटर टाकली. यंत्राने एका शब्दाने हरकत घेतली नाही. घरघर करून एक पिवळा बँड बाहेर टाकला, एवढासा. तो मामंजींच्या मनगटाला कुठला बसायला? बोटात अंगठीसारखाही धड जाईना. मी बाहेर येऊन तो त्यांच्या काठीला बांधला. काठी गेटाला टेकवली, तर हिरवा दिवा लागला आणि गेटातून बाईचा गोड आवाज आला, "छोट्या दोस्ता, तुझं स्वागत आहे."

गार्ड अजून तांब्याकडेच बघत होता. मी त्याला नियमांची पाटी दाखवली. लहान मुलाचं दूध चालेल, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्याने काठीवरचा पिवळा बँड बघितला, मामंजींच्या मिशा बघितल्या आणि दांडा सोडला. खरं सांगते, त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं, तेवढं त्या यंत्रामुळे कधी वाटलं नव्हतं. आपण त्याला बनवलं असं वाटलं. काचेमागे परत येऊन, खाली बघून मी पुढचं तिकीट करायला लागले.

दहा मिनिटांनी पडद्यावर लाल चौकट आली. मूल एकटं आहे. सोबत पालक नाही. ठिकाण, लाटांचा तलाव.

लहान मुलाचा बँड आईबापांच्या बँडशी जोडलेला असावा लागतो, हे मला शिकवलं होतं. मी विसरले होते. आणि ती लाल चौकट फक्त माझ्याकडे नव्हती, सगळीकडे होती. गाणी बंद पडली. भोंग्यातून घोषणा सुरू झाली, दोन वर्षांचा मुलगा, पिवळा बँड, तलावाजवळ एकटा. लाटांचं यंत्र बंद केलं. शिट्ट्या वाजल्या. पाण्यात पन्नास-साठ माणसं असतील, सगळी कडेला पळाली. बायका आपापल्या पोरांना कवटाळून रडायला लागल्या, एक बाई मुलगा हाताशी असूनही त्याचं नाव घेत ओरडत होती. जीवरक्षकांनी तलावात उड्या टाकल्या आणि तळ चाचपायला लागले. मी काचेमागून निघून धावत सुटले तेव्हा हे सगळं मला दिसलं. तिथे मला शरम वाटली आणि अजून वाटते. मला गेटाचा सूड घ्यायचा होता, त्या बायांचा नव्हता.

उंबराखाली मामंजी होते. देवापुढचा पालापाचोळा त्यांनी हाताने साफ केला होता, पागोटं काढून मांडीवर ठेवलं होतं आणि तांब्यावरचं पान काढत होते. तेवढ्यात हातातल्या यंत्रावर बँडची खूण बघत दोन जीवरक्षक झाडामागून आले. त्यांना मूल हवं होतं. एकाने काठी ओढली, दुसरा मामंजींच्या मागे बघायला वाकला, आणि तांब्या कलंडला. देवापासून हातभर अंतरावर दूध मातीत गेलं. मी ओरडेपर्यंत सगळं झालेलं होतं.

रिकामा तांब्या उचलून मामंजींनी धोतराला पुसला. मला म्हणाले, "काय गं, कुनाचं लेकरू हरावलं?"

मॅनेजर साहेबांनी आम्हाला पुढच्या गेटाने जाऊ दिलं नाही. तिथे लोक पैसे परत मागत होते. पाण्याचे टँकर येतात त्या मागच्या फाटकातून मामंजींना बाहेर काढलं, आणि पिवळा बँड काठीवर तसाच राहिला. मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब जे बोलले त्यातलं निम्मं बरोबर होतं, म्हणून मी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अहो, तुमच्याकडे स्टाफचा बँड आहे. डबा आणता, बाटली आणता. तुम्हीच नेऊन घाला ना ते दूध. एवढं काय आहे त्यात?"

त्यात काय आहे ते त्यांना कसं सांगायचं? आमच्यात हे दूध सून घालत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून उंबराच्या सावलीच्या आत गेले नव्हते. त्या रविवारी धावत गेले ती पहिल्यांदा.

घरी येऊन मी मामंजींना साहेबांचं म्हणणं सांगितलं. मला वाटलं, आता हे पेटतील. वस्ती गोळा करतील, फाटकात जाऊन बसतील. मी तर नोकरी सोडायच्या तयारीत होते. मामंजी तंबाखू मळायला लागले.

"मग तू जा," म्हणाले.

"मी? आन तुमी?"

"माज्याकडं पट्टा हाय का?"

"भांडा की तेंच्यासंगं! मालकांनी शब्द दिल्याला तुमाला."

"मालक अंथरुनाला खिळल्यात. कुनासंगं भांडू? त्या दांड्यासंगं?" मग म्हणाले, "दूध किती दिस ठिवायचं? पोरं बिनदुधाचा च्या पित्यात. जा तू. देवाला सांग, म्हाताऱ्यानं धाडलंय."

मला त्यांचाच राग आला. गेटाचा आला नव्हता इतका आला. माझ्याकडून करून घेण्यापेक्षा त्यांनी मला नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गेले. दूध पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत नेलं, कारण स्टाफच्या पिशवीत तांब्या दिसला असता तर पुन्हा प्रश्न. कुठे उभं राहायचं, कुठल्या दगडावर आधी घालायचं, मला काही माहीत नव्हतं. वर कुंपणापलीकडे मामंजी शेरडं घेऊन उभे होते. त्यांनी लांबून हाताने दाखवलं, मधल्यावर. मी मधल्यावर घातलं. शेजारी एक मुलगी ओल्या कपड्यांत मोबाइलवर माझा व्हिडिओ काढत होती. तिला मी हाकललं, देवासमोर हाकललं.

संध्याकाळी घरात पाच दिवसांनी दुधाचा चहा झाला. मी मामंजींपुढे कप ठेवला. त्यांनी तो उचलून पोरांच्या बाजूला सरकवला.

"मला कोरा दे."

"का? घातलं की देवाला. मधल्यावरच घातलं."

"तू घातलंस. तू पी. म्या कुटं घातलं?"

रागाने म्हणाले नाहीत. शेरडाला पाणी पाज म्हणावं तितक्या साध्या आवाजात म्हणाले. त्या दिवसापासून मामंजी कोरा चहा पितात.

दिवाळी झाल्यावर नागपूरचा मुलगा पुन्हा आला. खुशीत होता. "ताई, नवीन व्हर्जन आणलं. तुमचा देव टाकला." पडद्यावर खरंच नवं बटण होतं. देवदर्शन, शून्य रुपये. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. त्याने कुणाच्या तरी मागे लागून ते करून घेतलं होतं. मी त्याला चहा पाजला. मग खालचं बारीक अक्षर वाचलं. आदल्या दिवशी नोंदणी करावी. वेळ अर्धा तास. खाद्यपदार्थ व पेय नेऊ नये.

"आणि दूध?"

"ते फूड पॉलिसीत येते ना ताई. दूध फक्त लहान मुलालाच चालते."

तरी मी मामंजींचं नाव टाकलं, घरचा नंबर टाकला. लाल ओळ आली. हा पाहुणा अजून आत आहे.

मुलाने बघितलं आणि हसायला लागला. त्या रविवारी मामंजी टँकरच्या फाटकातून निघाले, तिथे यंत्र नाही, त्यामुळे ते बाहेर पडल्याची नोंदच नव्हती. रोज संध्याकाळी पार्क बंद करताना माझ्या पडद्यावर "आत : १" का दिसायचं, ते तेव्हा कळलं. कितीदा कळवलं होतं मी. आकडा शून्य नसेल तर गार्डने सगळीकडे फिरून बघायचं असा नियम आहे. तो बिहारचा गार्ड बिचारा एवढे महिने शिट्टी वाजवत तलावाला फेरी मारून येत होता.

"दोन मिनिटांचं काम आहे," मुलगा म्हणाला. "बाहेर काढून टाकतो त्यांना. मग नवीन पास निघेल."

मी म्हटलं, थांबा, विचारून सांगते. यात विचारण्यासारखं काय होतं, ते तेव्हा मलाही कळलं नाही.

मामंजी अंगणात करडांना पाला बांधत होते. करडं चांगली मोठी झाली होती. काठी भिंतीला टेकवलेली, तिच्यावरचा पिवळा बँड उन्हाने पांढरट पडलेला. मी सगळं सांगितलं.

"म्या आत हाय म्हनतंय?" त्यांनी विचारलं.

"व्हय. त्या ऐतवारपासनं. दोन वर्सांचं लेकरू म्हनून."

"आन ह्यो नवा पास घेतला तर दूध न्यायचं न्हाई?"

"न्हाई. दूध लेकरालाच."

त्यांनी पाल्याची गाठ आवळली, पुन्हा सोडली, पुन्हा आवळली.

"मग हाय तितंच ऱ्हाऊ दे मला," म्हणाले. "बाहेर काडू नगंस."

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला नको म्हणून सांगितलं. त्याला वाटलं, मी चेष्टा करतेय. अजूनही रोज संध्याकाळी पडद्यावर "आत : १" येतं, गार्ड शिट्टी घेऊन तलावाकडे जातो, आणि मी घरी येऊन मामंजींचा चहा कोरा ठेवते.